दाजी, मेहुणा आणि मधली तार

बेल्मिरो फुर्तादो आणि त्याचा मेहुणा गास्पार या दोघांना एकाच तारेच्या दोन टोकांना बांधायची अक्कल सरकारला कुणी दिली, ते आमच्या गावात कुणालाच नक्की ठाऊक नाही. मला विचाराल तर माझा संशय बेल्मिरोच्या बायकोवर, देओलिंदावहिनीवर आहे. बोटी ताब्यात घ्यायला आलेला आरमाराचा अधिकारी तिच्या स्वयंपाकघरात दोन वाडगे सूप पिऊन गेला होता, आणि दारातून बाहेर पडताना "तुमच्या भावाची बोट कुठे उभी असते?" असं विचारत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

बेल्मिरो माझा शेजारी. धक्क्याच्या एका अंगाला त्याचं घर, दुसऱ्या अंगाला माझी पावाची भट्टी. आम्ही दोघं लहानपणी पोर्तुगालच्या अझोरस बेटांतल्या एकाच बेटावरून, एकाच गलबतातून, एकाच बादलीत ओकत इकडे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलो. पुढे तो समुद्राला चिकटला आणि मी पिठाला. माणूस बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. आवाज मात्र असा, की चर्चमध्ये तो 'आमेन' म्हणाला की पुढच्या बाकावरच्या बायकांच्या टोप्यांवरची पिसं हलायची. रागीट होता, पण त्याचा राग उतू गेलेल्या दुधासारखा, वर आला की लगेच खाली. फक्त एक राग त्यानं वर्षानुवर्षं विझू दिला नाही, तो गास्पारवरचा.

त्याची मोटरबोट त्यानं स्वतःच्या हातांनी बांधलेली. नाव 'देओलिंदा', म्हणजे बायकोचंच. उन्हाळ्यात बॉस्टनहून हवा खायला येणाऱ्या मंडळींना तो तिच्यातून खाडी फिरवायचा. वर लालपांढऱ्या पट्ट्यांचं छत, बाकांवर गाद्या, खिडक्यांना वहिनीनं भरतकाम केलेले पडदे. गास्पारची बोट 'सांता रीता'. ती लांबीनं थोडी जास्त, आणि हे 'थोडी जास्त' बेल्मिरोला कायम बोचायचं.

भांडण झालं ते सणाच्या दिवशी. तेव्हा आमच्याकडे बोटींची शर्यत असायची, आणि शेवटच्या खुणेपाशी पाण्यात खांब रोवून एक मचाण बांधायचे. मचाणावर उभं राहून पाद्रीबाबा जिंकणाऱ्या बोटीवर तीर्थाचं पाणी शिंपडायचे. त्या साली हे दोघं मेहुणे-दाजी नाकाला नाक लावून आले. कुणी वाट सोडेना. दोन्ही बोटी एकदमच मचाणावर आदळल्या, आणि पाद्रीबाबा, तीर्थाची बादली, भजन म्हणणारे दोन गवई, सगळे पाण्यात. पाद्रीबाबा डोकं वर काढून म्हणाले, "चला, या वर्षी अख्ख्या समुद्रालाच आशीर्वाद मिळाला!" गाव पोट धरधरून हसलं. हे दोघं तेवढे हसले नाहीत.

बेल्मिरो म्हणे, "तो मला आडवा आला." गास्पार म्हणे, "वेग वाढवताना ह्याचे डोळे मिटतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

बस. त्या दिवसापासून बोलणं बंद. गास्पारच्या मुलीच्या लग्नाला बेल्मिरो चर्चच्या आत आला नाही, खिडकीखाली बाहेर उभा राहिला. आणि तिथूनही सगळ्यांत मोठ्या आवाजात त्यानंच म्हटलं गाणं. काही सांगायचंच झालं तर देओलिंदावहिनी मधे. नवऱ्याचा निरोप भावाकडे, भावाचा नवऱ्याकडे. "ह्या दोघांचं टपाल वाहून वाहून माझी जीभ झिजली," असं ती म्हणायची.

मग युद्ध आलं. जर्मन पाणबुड्या समुद्रात पाणसुरुंग पेरून जातात, त्यावर जहाज घासलं की संपलं, आणि ते सुरुंग झाडून काढायला आरमाराकडे पुरेशा बोटी नाहीत, असं कळलं. म्हणून आमच्यासारख्यांच्या मोटरबोटी घ्यायला अधिकारी आले. त्यांना देओलिंदा पसंत पडली. बेल्मिरोचं वय बघून ते म्हणाले, "तुम्ही घरी राहा, बोट तेवढी द्या."

बेल्मिरो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "देओलिंदाला परक्या पुरुषांबरोबर एकटी पाठवू? आमच्यात असं चालत नाही, साहेब."

अधिकारी खो खो हसला आणि त्यानं बोटीबरोबर नवराही घेतला. स्वयंपाकी हवाच होता. युद्धामुळे गव्हाचं पीठ मिळेनासं झालं होतं, माझी भट्टी अर्धी थंड पडली होती, म्हणून मीही नाव दिलं.

बोटीचं छत गेलं, गाद्या गेल्या, पडदे वहिनीनं घडी करून पेटीत ठेवले. मागे तार गुंडाळायचं रहाट बसवलं, पुढे एक छोटीशी तोफ. आणि वरपासून खालपर्यंत राखाडी रंग. नावाच्या जागी नुसता आकडा. वहिनी धक्क्यावर बघायला आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे, माझ्या नावाची बोट ही! चुलीच्या राखेत लोळलेल्या मांजरासारखी केलीत की रे तिला!"

"युद्ध आहे गं," बेल्मिरो म्हणाला.

"युद्ध आहे म्हणून बाईनं तोंड धुवायचं नाही का?"

आमचे अधिकारी होते पेंबरसाहेब. तरुण, लांबट, कायद्याचं शिक्षण अर्धं सोडून आलेले. माणूस अतिशय सभ्य, आणि पहिले काही दिवस समुद्र लागून हिरवागार. मी त्यांना आमचं लसणाचं सॉसेज घातलेलं पालेभाजीचं सूप दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी वाडग्याकडे बघून डोळे मिटले. पंधरवड्यात स्वतःहून मागायला लागले.

तर त्या पेंबरसाहेबांनी पहिल्याच सकाळी सांगितलं की सुरुंग झाडायचे म्हणजे दोन बोटींनी एक लांब तार मधे धरून, सारख्या वेगानं, सारखं अंतर ठेवून चालायचं. झाडू मारल्यासारखं. तार पाण्याखालून जाते, सुरुंगाची साखळी तिच्यात अडकते. "आपली जोडीदार ती बघा, आलीच," असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं. समोरून राखाडी रंग फासलेली सांता रीता येत होती. सुकाणूवर गास्पार.

बेल्मिरोचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हाही हिरवा पडतो.

रोज सकाळी तार जोडायला दोन्ही बोटी अगदी अंगाला अंग लावून उभ्या करायला लागायच्या. दोघांमधे हातभर अंतर. बेल्मिरो माझ्याकडे बघून म्हणायचा, "मार्सेलिनो, त्या माणसाला सांग, तारेचं टोक धर म्हणावं."

मी तोंड उघडायच्या आत गास्पार माझ्याकडेच बघून म्हणायचा, "मार्सेलिनो, त्या माणसाला सांग, मला कान आहेत."

"मग त्याला सांग, कान आहेत तर हातही असतील."

"त्याला सांग, हात आहेत म्हणूनच सांभाळून राहा."

आणि मी मधे, हातात कांद्याची सुरी घेऊन उभा.

पाण्यावर असताना बावट्यांनी खुणा करायच्या असत. लाल वर केला की थांब, पिवळा की डावीकडे, वगैरे. थोड्याच दिवसांत गास्पारनं एक नवीनच खूण सुरू केली. पिवळा बावटा आडवा धरून दोनदा झटकायचा. बेल्मिरो उत्तर म्हणून निळा बावटा उलटा धरून पार्श्वभागामागे नेऊन हलवायचा. पेंबरसाहेबांनी आपलं खुणांचं पुस्तक दोनदा चाळलं आणि मला विचारलं, "ही कुठली खूण?"

मी म्हटलं, "आमच्या बेटावरची जुनी आहे, साहेब. एकमेकांची खुशाली विचारायची."

पण एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. तार एकदा पाण्यात गेली की हे दोघं असे चालायचे, जणू दोन्ही बोटींना एकच माणूस हाकतोय. बेल्मिरोनं वेग कणभर कमी केला की पलीकडे गास्पारचाही कमी. वळणं घेताना तर बघत राहावं. पेंबरसाहेब म्हणायचे, "एवढी जुळलेली जोडी मी पाहिली नाही." बेल्मिरो समुद्रात थुंकायचा.

सुरुंग मात्र सापडेना. सापडायचं ते भलतंच. जुने नांगर, सडकी जाळी, एकदा तर चक्क एक लोखंडी पलंग वर आला. बेल्मिरोनं तो घासूनपुसून घरी नेला. वहिनी म्हणाली, "लोक युद्धावरून पदकं आणतात, माझ्या नवऱ्यानं पलंग आणला."

मग तो ऑगस्टचा दिवस. काही दिवसांपूर्वीच खालच्या किनाऱ्यावर एका पाणबुडीनं दिवसाढवळ्या गोळे टाकले होते, त्यामुळे सगळेच जरा सावध होते. सकाळ स्वच्छ होती. आमच्या नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, वारा येत होता, चांगला भरभरून. मी चुलीवर मासे तळत होतो, तेवढ्यात तार करकरली आणि बोट मागे खेचल्यासारखी झाली.

"आणखी एक पलंग!" बेल्मिरो ओरडला. "देवा, या खेपेला गादीसकट दे रे!"

काय अडकलंय बघावं म्हणून त्यानं बोट थोडी मागे घेतली. तिथेच चूक झाली. ढिली पडलेली तार आमच्या बोटीखालच्या पंख्यात गेली, गरगर गुंडाळली, आणि इंजिन धापा टाकून बंद पडलं. आम्ही मागे वाकून बघतो तर पाण्यातून ते वर येत होतं. काळं, गोल, शेवाळलेल्या रांजणासारखं, आणि सगळ्या अंगाला शिंगं फुटलेली. त्याची खालची साखळी तुटली होती, पण वरचा तुकडा आमच्या तारेत गुंतून बसला होता. देओलिंदापासून दोन-तीन बोटींच्या लांबीएवढ्या अंतरावर ते संथ डुलत होतं.

माझ्या हातातला झारा पाण्यात पडला, एवढं आठवतं.

पेंबरसाहेब एका क्षणात सगळं समजले. सुरुंग पाण्यात जवळजवळ बुडालेला, त्याला वारा लागत नव्हता. देओलिंदाला लागत होता. म्हणजे वारा आम्हाला हळूहळू त्याच्यावर ढकलणार. नांगर टाकला, पण तिथलं पाणी इतकं खोल की तो तळाला पोचलाच नाही. तार सोडून द्यावी तर ती पंख्यात आवळलेली.

साहेबांनी बावट्यांनी खुणा करून गास्पारला त्याचं टोक सोडून लांब जायला सांगितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "होडी खाली सोडा. सगळ्यांनी उतरायचं."

बेल्मिरो हलला नाही. "तुम्ही जा, साहेब. देओलिंदाला इथे टाकून मी घरी गेलो, तर घरातली देओलिंदा मला दारात उभं करणार नाही."

"हा हुकूम आहे, फुर्तादो."

"तिचाही हुकूमच आहे, साहेब. लग्नाच्या दिवसापासून."

साहेबांनी एकदा सुरुंगाकडे पाहिलं, एकदा बेल्मिरोकडे. मग कोट काढला आणि मला म्हणाले, "लोखंड कापायची करवत आण." मीही मग कुठला उतरतो? पाय उचलतच नव्हते, हे त्यातलं खरं कारण.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. गास्पारनं तार सोडली होती, पण तो लांब गेला नव्हता. मोठा वळसा घालून सांता रीता आमच्या नाळेसमोर येत होती. साहेब परत जायच्या खुणा करत होते आणि गास्पार त्या न बघितल्यासारखं करत होता. जवळ आल्यावर तो दोरीचं वेटोळं हातात घेऊन उभा राहिला आणि ओरडला,

"दाजी! दोरी धर!"

इतक्या वर्षांनी तो शब्द पाण्यावरून आला. बेल्मिरो सवयीनं माझ्याकडे वळला. "मार्सेलिनो, त्याला सांग..." असं म्हणाला आणि थांबला. मग त्यानं झेप घेऊन दोरी पकडली, नाळेच्या खुंटाला वेढे दिले आणि असा ओरडला की सुरुंग आवाजानंच फुटतो की काय, असं मला वाटलं.

"हळू ओढ रे मेहुण्या! हळू! माझी बोट आहे, तुझी सासू नाही!"

ते काम नाजूक होतं. दोरी ढिली पडली तर वारा आम्हाला सुरुंगावर नेणार. जास्त ओढली तर तार ताणून त्याच्या शिंगांवर घासणार, आणि शिंग दबलं की स्फोट. वारा कमीजास्त झाला की गास्पारनं तेवढाच जोर कमीजास्त करायचा, आणि तो किती, हे बेल्मिरोनं नाळेवरून सांगायचं. इकडे मागे पेंबरसाहेब कमरेपर्यंत पाण्यात उलटे लोंबकळून तार कापत होते, आणि मी डेकवर पालथा पडून त्यांचे पाय धरले होते. हात भरून आले की ते वर यायचे, मी खाली. भट्टीत पोती उचललेले हात त्या दिवशी कामी आले.

आणि पुढे नाळेवर, आमच्या पोर्तुगीज भाषेत, काय चाललं होतं?

"जरा सोड! हां, पुरे. तर मी काय म्हणतो, तू मला आडवा आलास!"

"मी? तुझे डोळे मिटलेले होते, दाजी!"

"डोळे मिटले असते तर पाद्री दिसला असता का? थोडं ओढ. थोडं! मी त्याला पडताना बघितला!"

"तो तुझ्याच बाजूनं पडला!"

"कारण तू त्याला माझ्या बाजूला ढकललास! सोड, सोड, सोड... आता धर."

पेंबरसाहेब पाण्यातून डोकं वर काढून श्वास घेत म्हणाले, "ते काय बोलतायत?"

"सूचना देतायत, साहेब. फार महत्त्वाच्या."

"छान चाललंय," साहेब म्हणाले आणि पुन्हा खाली गेले.

तारेचे पीळ एकेक करून तुटत होते. बोटांतून रक्त येत होतं, ते पाण्यात कळत नव्हतं. शेवटचा पीळ तुटला तेव्हा तार सापासारखी सळकन निघून गेली. मी ओरडलो, "सुटली!" बेल्मिरोनं हात वर केला, आणि गास्पारनं आम्हाला अगदी अलगद, भरल्या घागरी डोक्यावर घेऊन चालावं तसं, पुढे नेलं. बरंच लांब गेल्यावर मग इंजिनाला पुरा जोर दिला.

तिथून दोन्ही बोटींवरून बंदुका चालल्या. किती गोळ्या वाया गेल्या, देव जाणे. गास्पारची लागली की साहेबांची, यावर अजून वाद आहे. मग समुद्र आधी फुगला, आणि मग पाण्याचा एक पांढरा खांब आभाळात उभा राहिला. आवाज नंतर आला, छातीत. आणि थोड्या वेळानं पाऊस पडावा तसे मासे पडायला लागले. एक भलामोठा मासा पेंबरसाहेबांच्या खांद्यावर आपटला. ते खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले. बेल्मिरोनं त्यांना लेकरासारखं छातीशी धरलं.

गावात खिडक्यांच्या काचा हादरल्या होत्या. सगळं गाव धक्क्यावर. पुढे सांता रीता, मागे दोरीनं बांधलेली देओलिंदा. आणि बेल्मिरो आपल्या बोटीवर नव्हताच. तो सांता रीतावर गास्पारच्या शेजारी उभा होता आणि दोघं हातवारे करून भांडत होते. वहिनी गर्दीतून पुढे आली. आधी तिनं नवऱ्याला नखशिखान्त पाहिलं, मग भावाला. मग दोघांच्या खांद्यांवर एकेक जोराची थाप मारली आणि पदर नसल्यामुळे ॲप्रनमधे तोंड लपवलं.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे होतो, साहेबसुद्धा. समुद्रानं दिलेले मासे होते, बटाटे होते, माझा पाव होता. दोन पेले वाइन पोटात गेल्यावर गास्पार हळवा झाला.

"काहीही म्हण दाजी, मनानं तू वाईट नाहीस. माझा गुडघा धरला होता त्या हिवाळ्यात, तेव्हा तू तेल पाठवलंस. ते मी विसरलो नाही."

बेल्मिरोनं घास खाली ठेवला. "मी? तेल?"

"आणि माझ्या रीताच्या लग्नात टेबलक्लॉथ पाठवलास. 'माझ्या भाचीला' म्हणून."

"मी तर निरोप पाठवला होता की... की..." बेल्मिरोनं सावकाश बायकोकडे मान वळवली. "आणि तू माझ्या वाढदिवसाला दरवर्षी चीज पाठवायचास ते?"

"कसलं चीज?" गास्पार म्हणाला.

देओलिंदावहिनी चुलीकडे तोंड करून सूप ढवळत होती. पाठमोरीच म्हणाली, "निरोप नेणाऱ्याला निरोपाचं वजन होतं. वाटेत थोडं टाकून द्यावं लागतं, थोडं भरावं लागतं. जेवा आता."

पेंबरसाहेबांनी मला कोपरानं ढोसून विचारलं, "काय म्हणाली?" हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं, आणि त्यांनी उठून वहिनीला सलाम ठोकला.

युद्ध संपल्यावर आरमारानं बोटी परत केल्या. राखाडी रंग खरवडायला मेहुणे-दाजींनी मिळूनच हात लावला आणि कोणती खरवडणी कुणाची, यावर रोज नव्यानं भांडले. लालपांढरं छत परत चढलं. वहिनीनं पडदे पेटीतून काढून धुतले, कडक इस्त्री केले. पुढच्या उन्हाळ्यात पेंबरसाहेब आपल्या बायकोला घेऊन आले आणि आल्या आल्या सूप मागितलं.

पुढे काही वर्षांनी बेल्मिरोच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गास्पार म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना डोळे मिटतात!" बोट कोण चालवणार, हा प्रश्न आला तेव्हा वहिनीनं ॲप्रन सोडून खुंटीला टांगला आणि सरळ सुकाणूवर जाऊन उभी राहिली. "इतकी वर्षं ह्या इंजिनाच्या तक्रारी जेवणाच्या टेबलावर ऐकतेय," म्हणाली. "त्याचं सगळं दुखणंखुपणं मला पाठ आहे." त्या दिवसापासून देओलिंदाच देओलिंदा चालवायला लागली, आणि बॉस्टनची मंडळी मुद्दाम तिच्याच बोटीतून जायला लागली.

बेल्मिरो नाळेपाशी बाकावर बसून प्रवाशांना सुरुंगाची गोष्ट सांगायचा. सुरुंग दर उन्हाळ्याला थोडा मोठा व्हायचा. शेजारी गास्पार. "एवढा नव्हता," तो म्हणायचा. "तू लांब होतास, तुला काय दिसणार," बेल्मिरो म्हणायचा. प्रवासी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहायचे.

एका शरद ऋतूत, रविवारी, पोटभर जेवून आडवा झालेला बेल्मिरो उठला नाही. चर्चमधे पुढच्या रविवारी 'आमेन' फार हळू वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात देओलिंदा पुन्हा निघाली. गास्पार नाळेपाशी बसला आणि त्यानंच गोष्ट सांगायला घेतली. पण त्याच्या गोष्टीत दोरी बेल्मिरोनं फेकलेली असायची, तार बेल्मिरोनं कापलेली असायची, आणि गोळीसुद्धा बेल्मिरोचीच लागलेली असायची. मी एकदा त्याला म्हटलं, "गास्पार, असं नव्हतं रे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण आता मला खोडायला तो नाही. मग हातचं राखून कशाला सांगू?"

तेवढ्यात मागून सुकाणूवरून वहिनीचा आवाज आला, "गास्पार, बस खाली! वळण आलंय, पाणी उडेल!" आणि गास्पार टोपी सांभाळत, हसत, खाली बसला.